दसारामजींचं रेडिओ स्टेशन

स्वतःच्या घरातलं घड्याळ चालू आहे का, हे ऐकायला अर्धा मैल चालत जाणारा माणूस मी एकच पाहिला. दसारामजी! खांद्यावर कावड, कावडीच्या एका टोकाला रेडिओ, दुसऱ्या टोकाला त्याची बॅटरी, आणि मान रेडिओकडे कललेली. असे ते तलावाच्या पाळीवरून रोज फेरी मारत. बायाबापड्या वाट सोडून उभ्या राहत.

मी तेव्हा चोरखमाऱ्याकडच्या त्या खेड्यात पोस्टमास्तर होतो आणि माझं नशीब असं, की दसारामजी माझे शेजारी होते. लढाईत ते फौजेच्या वायरलेसवर होते, आता तिरोड्याच्या राइस मिलमध्ये फिटर. घरी एकटा जीव. गोंदियाच्या भंगारातून व्हॉल्व्ह आणून आणि मोहाच्या झाडावर तांब्याची तार चढवून त्यांनी आवाज पाठवायचं यंत्र बनवलं होतं. पण एकटा माणूस बोलायला बसला तर ऐकणार कोण? म्हणून माइकपुढे गजराचं घड्याळ ठेवून ते कावड उचलत. टिकटिक बंद पडेल तिथे जमिनीत काडी रोवत. घरी येऊन पुन्हा तारा जोडत, आणि दुसऱ्या दिवशी काडी चार पावलं पुढे सरके.

"येऊन राहिला का?" हा त्यांचा एकमेव प्रश्न. आवाजाबद्दल, मोटारीबद्दल, पावसाबद्दल. एकदा मला ताप आला तेव्हाही त्यांनी दारातून तेच विचारलं.

रेडिओ ऐकायचा परवाना माझ्याच पोस्टातून मिळे. बोलायचा परवाना द्यायची माझी काय बिशाद! मी दरडावलं, "दसारामजी, हा गुन्हा आहे. सरकारनं ऐकलं तर?"

"सरकार ऐकून राहिली का?" त्यांचा चेहरा उजळला. "मंग त आवाज लय दूर गेला म्हणाचा, मास्तर!"

शेवटी मी चिडून विचारलं, "पण हे सगळं कशासाठी?"

तारेशी खेळत ते तुटक तुटक बोलले. मग कळलं. तलावाच्या पल्याड त्यांचे थोरले भाऊ भिवाजी राहत. आईबाप गेल्यावर त्यांनीच दसारामजींना वाढवलेलं. चार वर्षांपूर्वी या आमच्या फिटरनं तलावातून पाणी सोडायचं पिढीजात लाकडी बूच काढून स्वतः घडवलेलं लोखंडी बसवलं. ते उघडं अडकलं. अर्धा तलाव वाहून गेला आणि दादाचं भात ऐन फुलोऱ्यात वाळलं. दादा म्हणाला, माझ्या घरात पाय ठेवू नको.

"पाय ठेवाले मनाई केली, मास्तर," दसारामजी हळूच म्हणाले. "आवाजाचं काही बोलला नाही. अन् रेडिओ त त्याच्याही घरी आहे."

दुसऱ्या दिवसापासून काड्या रोवायला मीही बरोबर जाऊ लागलो.

काड्या पल्याडच्या काठाला लागल्या, तेव्हा दसारामजींशी वेळ ठरवून एका दिवेलागणीला मी भिवाजींच्या ओसरीवर जाऊन बसलो. परवान्याची मुदत पाहायला आलो, अशी थाप मारली आणि बोलता बोलता रेडिओचा काटा फिरवला. दसारामजींनी दोन पानी माफी लिहून ठेवली होती, मीच ती सुधारून दिली होती. खरखर झाली, कोणी खाकरलं. मग दोन पानं कुठे गेली कोण जाणे, एवढंच आलं, "दादा, जेवलास का?"

भिवाजींच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

"दादा, जेवलास का?"

"नाही रे," भिवाजी रेडिओच्या जाळीला तोंड लावून म्हणाले. "तू?"

"दादा, जेवलास का?"

"सांगून राहिलो ना, नाही म्हून! काऊन आयकत नाही हा?"

"भिवाजी, इथून बोललेलं त्याला ऐकू जात नाही," मी म्हणालो. "ते एकाच बाजूचं यंत्र आहे."

भिवाजींनी माझ्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं, खुंटीचा कंदील काढला आणि पाळीच्या वाटेला लागले. मी ओसरीवर एकटाच उरलो. रेडिओ थांबून थांबून तेच विचारत होता. दर वेळी आवाज थोडा खाली जाई. मला तो ऐकवेना आणि बंदही करवेना.

मग "दादा" एवढंच आलं, पुढचं आलं नाही. दार वाजल्यासारखं झालं. आणि रेडिओतून भिवाजींचा धापा टाकणारा आवाज आला, "नाही जेवलो. चाल घरी."