आपण छान मेलात, सही पाठवावी

‘आपण मध्यंतराच्या आधीच मेलात, पण फार छान मेलात. कृपया सही पाठवावी.’

एखाद्या नटाला असं पत्र लिहिणारा माणूस पाहायचा असेल, तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या पनवेलला यायला हवं होतं. माझ्या भिंतीपलीकडे गुप्तेकाका राहायचे. नायक-नायिकांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. “हिरोला पोत्यानं पत्रं येतात. हवालदाराला कोण लिहिणार?” म्हणून हवालदार, मुनीम, वकील, पहिल्याच गोळीला पडणारा गुंड यांना ते जोडकार्ड धाडत, अर्ध्यावर स्वतःचा मजकूर, अर्धं उत्तरासाठी कोरं. उत्तरं हमखास येत.

पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून ओरडे, “काका, मुनीम आलाय!”

“आणि खुनी?”

“त्यो नाय आला अजून.”

काकांचा सगळ्यात लाडका नट म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन चष्मा काढणारा डॉक्टर. “एकच सीन, पण काय सीन!”

त्या वर्षी काकूंच्या पित्ताशयात खडे निघाले. आता थांबू नका, असं खऱ्या डॉक्टरांनी बजावलं. काकू म्हणाल्या, पोट फाडून घेणार नाही. रात्री-अपरात्री त्यांचं कण्हणं मला भिंतीतून ऐकू यायचं. मी हॉस्पिटलची खाट, डबे, रक्त देणारे, सगळं ठरवून ठेवलं होतं. अडून बसल्या होत्या त्या काकूच.

शेवटी काकांनी त्या सिनेमातल्या डॉक्टरला लिहिलं, ‘या खेपेला सही नको. हिला धीराच्या दोन ओळी लिहा.’

दोन ओळींऐवजी तो स्वतःच आला. शूटिंगसाठी अलिबागला निघाला होता, वाटेत पनवेल स्टँडवर उतरला. काकूंनी पदर सावरला.

“डॉक्टर, मी वाचेन ना?”

“वहिनी, मी डॉक्टर नाही हो. आणि सिनेमात माझे निम्मे पेशंट दगावतात.”

“ते लेखक मारतो, तुम्ही नाही!” काका ताडकन म्हणाले.

नट उभा राहिला, शर्ट वर केला आणि पोटावरचा व्रण दाखवला. “खड्यांचाच आहे. मेकअप नाही.”

काकूंनी चष्मा लावून नीट पाहिलं. “दुखलं?”

“दुखलं की! खोटं कशाला बोलू? पण आता भजी खातो.”

काकू माझ्याकडे वळल्या. “शैला, हॉस्पिटलात कधी जायचं म्हणालीस?”

ऑपरेशनच्या दिवशी काका कॉरिडॉरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला सिनेमे सांगत होते. “बसा की काका, पाय दुखत नाय काय?” आया दोनदा ओरडली. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, “व्यवस्थित झालं.” माझा जीव भांड्यात पडला. काका नुसतं “बरं” म्हणाले आणि बाकावर बसले. मला ते जरा कोरडंच वाटलं.

काकूंना थंडी वाजायला लागली, म्हणून काकांकडून किल्ली घेऊन मी आणखी एक शाल आणायला गेले. जन्मात कधी चहाही न केलेल्या त्या माणसाच्या ओट्यावर चार पातेली होती. एकात पेज तळाला करपलेली, दुसऱ्यात भाताचा गोळा, तिसऱ्यात नुसतं पाणी आणि शितं. काकूंना पेज द्यायला अजून दोन दिवस तरी अवकाश होता.

चौथं पातेलं ताटलीनं झाकलं होतं. मी ताटली उचलली. पेज छान मऊ झाली होती. चाखून पाहिली, मीठही बरोबर होतं.