दोन्ही बाजूला विचारलं का?

आमच्या ऑफिसातल्या बिवलकरकाकांचा बंद शटरवर अजिबात विश्वास नाही. शटर खाली आहे, कुलपाला गंज चढलाय, पायरीवर कुत्रं निवांत झोपलंय, असा फोटो त्यांच्यापुढे धरून बघा. काका चष्मा कपाळावर सरकवणार, फोटो नाकाला लावणार आणि म्हणणार, "हे तर शटर झालं. माणसाचं काय?"

"माणूस नाहीये काका. दुकान बंद पडलंय."

"शटरनं सांगितलं तुला? भई, लग्नाला गेला असेल. आजारी असेल. बायको रुसून माहेरी गेली म्हणून समजूत काढायला गेला असेल. दोन्ही बाजूला विचारलं का?"

आमचं काम आहे मोबाइलवरचा नकाशा तपासण्याचं. तुम्ही फोनमध्ये दुकानाचं नाव घालता आणि फोन तुम्हाला डावीकडे-उजवीकडे वळवत तिथे नेतो. तो तुम्हाला दुकानाच्या दारात सोडतो की मागच्या गटाराशी, हे बघणारी काही माणसं असतात. त्यातली आम्ही काही जण हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, लष्कर नावाच्या जुन्या भागात, महाराज बाडा चौकाजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसतो. गावातली हौशी मंडळी आपापल्या गल्लीतल्या दुरुस्त्या पाठवतात. इथे नवा दवाखाना झाला, तिथला रस्ता एकेरी झाला, अमुक दुकान बंद पडलं. आम्ही त्या तपासून मंजूर करतो, नाहीतर परत पाठवतो. एक नियम मात्र कडक आहे. आपण केलेली दुरुस्ती आपणच मंजूर करायची नाही, ती दुसऱ्यानं पाहायची.

काका सरकारी खात्यात हातानं नकाशे काढून निवृत्त झाले आणि मग इकडे आले. मी नोकरीला लागले तेव्हा तेच एकटे जुने होते. बाकीची मुलं नवी, वर्षभर टिकायची आणि गुडगावला नाहीतर पुण्याला पळायची. त्यामुळे काकांच्या घरचं कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. मराठी म्हणून मी त्यांच्या वाट्याला आले आणि ते माझ्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला माझंच घर नकाशावर दाखवायला लावलं. हरिशंकरपुरममधलं आमचं घर मी मोठ्या ऐटीत शोधून दिलं. काकांनी चष्मा वर केला.

"वैशाली, तुमच्याकडे पाहुणे पाण्याच्या टाकीतून उतरतात काय?"

नकाशावरची पिन खरंच छपरावर होती. "पिन छपरावर नको, दारावर," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. रविवारी सकाळी स्वारी स्कूटरवरून आमच्या दारात हजर. दार पूर्वेला आहे याची खात्री करून घेतली, दोन्ही शेजाऱ्यांना विचारलं, रस्त्यावर उभ्या उभ्या पिन हलवली. आई म्हणाली, "अहो, चहा तरी घ्या." तर म्हणाले, "नको नको, आमची ही वाट बघत असेल." आई आजही विचारते की तो नकाशेवाला माणूस वेडा आहे की काय.

वेडा म्हणावं तर काका बहुतेक वेळा बरोबर निघत. एका बेडईवाल्याचं, म्हणजे डाळभरल्या पुऱ्या तळणाऱ्याचं, दुकान बंद पडल्याच्या तक्रारी एकसारख्या यायच्या. काका पहाटे उठून गेले. बेडईवाला उजाडायच्या आत कढई चढवायचा आणि ऊन तापायच्या आत सगळं विकून घरी जाऊन झोपायचा. काका गरम बेडईची पुडी घेऊनच ऑफिसात आले. "दुपारी बाराला जाऊन म्हणतात बेडईवाला बंद आहे. उद्या रात्री जाऊन म्हणतील सूर्य बंद पडलाय!" पण कधी कधी अतीही व्हायचं. एका घड्याळजीच्या जागी एटीएम आलं होतं, मशीन फोटोत चक्क दिसत होतं, तरी काकांचं आपलं एकच. "एटीएमच्या दोन्ही बाजूला विचारलं का?"

शनिवारी ते हौशी मंडळींची बैठक घेत. प्रत्येकाच्या हातात आधी समोसा ठेवत आणि मग नियम सांगत. तोंड भरलेला माणूस वाद घालत नाही असा त्यांचा हिशेब होता. तो फक्त भदौरियाजींच्या बाबतीत चुकायचा. भदौरियाजी निवृत्त मास्तर, मिशी झुपकेदार, आणि समोसा खाता खाता वाद घालण्यात पटाईत.

संध्याकाळचे सहा वाजले की मात्र सगळं थांबायचं. पुढ्यातली दुरुस्ती अर्धवट सोडून काका डबा उचलायचे. "चला, आमच्या हिची दुकान बंद करायची वेळ झाली. शटर फार अडतं. तिला ओढवत नाही." टोपी बाजारात काकूंचं पिको-फॉलचं दुकान होतं. मी चिडवायची, "एक दिवस उशीर झाला तर काकू ओरडतील वाटतं?"

"ओरडणार नाही न. नुसती बसून राहील."

एकदा मी माझ्या दोन साड्या फॉल लावायला देऊ का म्हणून विचारलं. काका डब्याचं झाकण उगाच पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिले. "सध्या नवीन काम घेत नाही ती," म्हणाले आणि निघाले. मला जरा रागच आला. दोन साड्यांचं ते काय एवढं, असं वाटलं.

मग एक दिवस भदौरियाजी बैठक नसताना जिने चढून आले, आणि तेही काका जेवायला खाली गेले आहेत हे बघून.

"मॅडम, अब आप ही देखिए. टोपी बाजार में शालिनी पिको-फॉल. मैं लिखता हूँ बंद है, काकाजी लौटा देते हैं. फिर लिखता हूँ, फिर लौटा देते हैं."

"अहो, बंद कसं असेल?" मी म्हटलं. "काकांच्या मिसेसचं दुकान आहे ते. काका रोज जातात तिथे."

"वहाँ तो एक लड़का मोबाइल के कवर बेच रहा है!"

"दोन्ही बाजूला विचारलंत?" माझ्याही तोंडून निघून गेलं.

भदौरियाजींच्या मिशा थरथरल्या. "एक तरफ बटनवाले जैनसाब हैं. वो कहते हैं, भाभीजी बाहर गई हैं, आ जाएँगी. दूसरी तरफ सीढ़ी है. अब सीढ़ी से क्या पूछूँ?"

मी हसले. पण ते हसत नव्हते. त्या कव्हरवाल्या दीपकनं आपलं दुकान नकाशावर घालायला कितीदा तरी पाठवलं होतं. त्या गाळ्यात आधीच एक दुकान आहे, तात्पुरतं बंद आहे, असा शेरा मारून काका ते दर वेळी परत करत होते. त्याची गिऱ्हाइकं बाड्यावर फिरून परत जात, पार्सलं भलतीकडे पोचत. नवा धंदा, असाच राहिला तर पोरगा दिवाळीपर्यंतही टिकायचा नाही, असं भदौरियाजींचं म्हणणं.

काकांच्या नियमानं मला स्वतः जाऊन बघणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी तासभर आधी सुटून मी टोपी बाजारात गेले.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. रंगीबेरंगी कव्हरं दारापर्यंत लटकत होती आणि त्यांच्या वर, चौकटीवर, जुन्या रंगात अजून लिहिलेलं होतं: शालिनी पिको-फॉल. मी दीपकला विचारलं, हे पुसलं का नाही?

"अंकल ने कहा था, थोड़े दिन रहने दो. तो रहने दिया."

"कोण अंकल?"

"जिनकी दुकान थी. रोज छह बजे आते हैं, सीढ़ी पे बैठते हैं. फिर शटर खींच के जाते हैं. शटर अटकता है न, उन्हीं के हाथ से चलता है."

"तू सहालाच दुकान बंद करतोस?"

तो ओशाळला. "नहीं दीदी, धंधा तो नौ बजे तक का है. अंकल चले जाते हैं, तब फिर खोल लेता हूँ." मग हळूच म्हणाला, "आप उनको बताना मत. बुरा लगेगा."

आपलं दुकान नकाशावर येऊ न देणारा माणूस रोज आपल्याच जिन्यावर येऊन बसतो, याची त्या मुलाला कल्पनाही नव्हती.

मी शेजारी जैनसाबांकडे गेले. त्यांनी सवयीनं सुरुवात केली, "भाभीजी बाहर गई..." मग मी काकांच्या ऑफिसातली आहे हे कळल्यावर बटणांचा डबा बाजूला सारला. "भाभीजी नहीं रहीं, बेटा. आप नौकरी पे आई होंगी, उससे पहले की बात है."

वाट बघणारी ही, शटर न ओढवणारी ही, नवीन काम न घेणारी ही. एवढे दिवस मी जिच्यावरून काकांना चिडवत होते, ती बाई नव्हतीच. माझे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही मला भान राहिलं नाही.

"मग त्या बाहेर गेल्यात असं तुम्ही का सांगता सगळ्यांना?"

"भाईसाब ने आज तक अपने मुँह से नहीं कहा कि दुकान बंद हो गई," जैनसाब म्हणाले. "उनसे पहले हम कैसे कह दें?"

तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. सहा वाजून गेले होते. काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, डबा मांडीवर ठेवला आणि मग मला पाहिलं. मी लपले नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"दोन्ही बाजूला विचारलंस?" काकांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"एका बाजूला विचारलं, काका."

मी धीर करून सांगितलं की दीपकची गिऱ्हाइकं बाड्यावरूनच परत जातात, दुकान नकाशावर नसल्यामुळे त्याचं नुकसान होतंय. दीपकनं न सांगायला सांगितलेलं मात्र मी गिळलं.

"चांगला मुलगा आहे," काका म्हणाले. "मी कोपऱ्यापर्यंत पोचलो न पोचलो, तोच मागे शटर वर गेल्याचा आवाज येतो. अडत अडत जातं. जोर लावत असेल बिचारा."

"तुम्हाला माहीत आहे?"

"शटरचा आवाज मला नाही कळणार? मी वळून बघत नाही. त्याला फालतूमध्ये वाईट वाटेल."

मग ते उठले. दीपकनं लगबगीनं कव्हरं आत घेतली. काकांनी शटरला डावीकडून हलका धक्का दिला आणि ते एका दमात खाली ओढलं. मी त्यांच्यासोबत कोपऱ्यापर्यंत गेले. मागे शटर करकरलं. आम्ही दोघांनीही मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पुढ्यात आलेली पहिलीच दुरुस्ती काकांची होती. शालिनी पिको-फॉल, टोपी बाजार. कायमचं बंद. खाली शेरा: प्रत्यक्ष पाहिलं, दोन्ही बाजूला विचारलं.

नियमाप्रमाणे ती त्यांना मंजूर करता येत नव्हती. ती मीच करायची होती, आणि माझा हात काही पुढे होईना. काका शेजारच्या टेबलाशी पाठ ताठ करून बसले होते. आपलं काम तपासलं जायची वाट बघत होते. विचारल्याशिवाय मंजूर केलेलं त्यांना चाललं नसतं, म्हणून मी विचारलं.

"काका, एका बाजूला जैनसाब. दुसऱ्या बाजूला तर जिना आहे. तिकडे कुणाला विचारलंत?"

"जिन्यावर रोज मीच तर बसायचो न," काका म्हणाले. "तिथे बसणाऱ्यालाच विचारलं. म्हणाला, आता ती येणार नाही."

मी मंजूर केलं. पिन गेली. काका खुर्ची सरकवून माझ्या स्क्रीनपाशी आले, त्या मोकळ्या जागेकडे बघत उभे राहिले, आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले.

"आता त्या मुलाचं दुकान टाक," ते म्हणाले. "पिन दारावर. आणि वेळ नीट लिही. रात्री नऊपर्यंत उघडं."

त्या संध्याकाळी सहा वाजले तेव्हा काकांनी घड्याळाकडे पाहिलं, डब्यावरचा हात उचलला आणि पुढची दुरुस्ती उघडली.