डोरीन कुणाच्या स्पीकरवर रडली

क्लिफर्ड डेंटनच्या घरी आपण रडलो, ही बातमी डोरीनने नवऱ्याला बटाटे सोलता सोलता दिली.

"रडलीस? का?" नॉर्मनने वर्तमानपत्र खाली केलं.

"काही नाही रे. त्याने ते नवे स्पीकर घेतलेत ना, त्याच्यावर ब्रास बँडची रेकॉर्ड लावली होती. ऐकता ऐकता एकदम बाबा आठवले. समोर बसून वाजवताहेत असंच वाटलं."

डोरीनचे वडील कापड गिरणीच्या बँडमध्ये युफोनियम वाजवायचे. युफोनियम म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं ते पोट सुटलेलं पितळी वाद्य. त्याचा आवाज जाड आणि उबदार, आणि ते वाजवणारा बसतो बँडच्या ऐन मधोमध. वडील जाऊन खूप वर्षं झाली होती. त्यांच्या आठवणीने मुलगी रडली, यात नवऱ्याला खुपावं असं खरं तर काही नव्हतं.

पण नॉर्मनला खुपलं. कारण अगदी तीच रेकॉर्ड त्याच्याकडेही होती. लग्नापासून तो ती दर रविवारी लावत आला होता, आणि डोरीनच्या विणकामाचा एक टाकाही कधी चुकला नव्हता. रडणं राहू दे, दहा मिनिटं झाली की ती म्हणायची, "नॉर्मन, आवाज जरा कमी कर ना." मग नॉर्मन म्हणायचा, "तुला संगीतातलं काही कळत नाही, डोरीन." आणि आवाज कमी करायचा. हा त्यांचा संसार होता आणि तो बरा चालला होता.

क्लिफर्ड विधुर होता, दिसायला बरा होता, आल्याचा केक स्वतः भाजायचा आणि बायकांना कोट घालायला मदत करायचा. यातल्या कशाचंही नॉर्मनला काही वाटत नव्हतं. त्याच्या पोटात दुखत होतं ते त्या स्पीकरांमुळे.

आमच्या ऑटली गावात स्पीकरचं वेड असलेली माणसं बरीच होती, आणि त्यांच्यात दोन तट होते. नॉर्मनकडे तरुणपणी घेतलेली अस्सल जोडी होती. रुंद लाकडी खोकी, वर सागवानाचा पातळ थर, पुढे तपकिरी कापड, खाली बुटके लोखंडी पाय. आता पुन्हा तोच घाट आला होता, आणि कंपन्या जुन्या चालीचे नवे स्पीकर करून विकत होत्या. क्लिफर्डचे तसले होते. नॉर्मन त्यांना 'नकला' म्हणायचा. चर्चच्या सभागृहात भरणाऱ्या श्रोतामंडळात त्याने यावर एकदा भाषणही दिलं होतं. भाषण संपल्यावर क्लिफर्ड म्हणाला होता, "ठीक होतं." यॉर्कशरमध्ये ही फार मोठी स्तुती समजतात, पण नॉर्मनला ती त्या वेळीही झोंबली होती.

आता तर त्याचं जेवणावरून लक्षच उडालं. बायको चाळीस वर्षं आपल्या घरात कोरड्या डोळ्यांनी बसते आणि दोन दारं सोडून पलीकडे जाऊन नकलांसमोर रडते, हे त्याला काही केल्या गिळवेना. दुसऱ्या दिवशी त्याने क्लिफर्डला कुंपणापाशी गाठलं.

"तुझे स्पीकर माझ्याकडे आण. एकच खोली, एकच रेकॉर्ड, समोर चादर बांधायची. कुठले वाजताहेत ते कळता कामा नये. निकाल डोरीन देईल."

"तिला कशाला त्रास?"

"का? घाबरलास?"

"मी कशाला घाबरू? माझी पाठ दुखते रे. ती खोकी उचलायची म्हणजे काय खेळ आहे?"

"मी आहे ना."

"तुझी तर माझ्याहून दुखते."

शेवटी क्लिफर्ड तयार झाला. खरं सांगायचं तर निकाल काय लागणार याची त्याला खात्रीच होती, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. नॉर्मन त्या चेहऱ्याकडे बघेना.

शनिवारी दुपारी दोघांनी मिळून, दोन टोकांना धरून, एकेक स्पीकर नॉर्मनच्या घरी नेला. लाकडाला ओरखडा नको म्हणून त्यावर नॉर्मनच्या आईची काळी लोकरी शाल पांघरली होती. पाठीमुळे दोघेही वाकून, मान खाली घालून, अगदी संथ चालत होते. समोरून येणाऱ्या पोस्टमनने टोपी काढून हातात घेतली. नॉर्मनला वाटलं, याला उकडत असेल. घरात शिरल्यावर त्याने रस्त्याकडचे सगळे पडदे ओढून घेतले. चादरीमागची खोकी उन्हात ओळखू आली असती, एवढाच त्यात हेतू.

दिवसाढवळ्या पडदे ओढलेलं घर म्हणजे घरातलं कुणीतरी गेलं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही कळतं. समोरच्या एडना सग्डनने तर शाल पांघरलेली पेटीही पाहिली होती. 'बिचारी डोरीन' म्हणत तिने डोळे पुसले आणि रविवारसाठी उकडून ठेवलेलं हॅम फ्रीजमधून काढलं. मातीनंतरच्या चहाला हॅम नसलं तर तो चहा कसला?

इकडे नॉर्मनने खोलीत आडवी चादर बांधली होती. चादरीच्या कडेशी, जमिनीवर, एक छोटा लोखंडी डबा ठेवला होता. त्यावरचं बटण डावीकडे फिरवलं की नॉर्मनचे स्पीकर वाजणार, उजवीकडे फिरवलं की क्लिफर्डचे. क्लिफर्ड आणि तो कुजबुजत तारा जोडत होते, एवढ्यात मागच्या दाराने एडना आत आली. मागचं दार वाजवून येण्याची इथे पद्धत नाही.

"नॉर्मन," एडनाचा आवाज भरून आला होता, "कुठे ठेवलंय?"

"चादरीमागे. पण हात लावू नको," नॉर्मन म्हणाला. तो तारेत गुंतला होता.

"हात नाही लावत. नुसतं बघते एकदा."

"अंधार आहे, सांभाळून. फार जुनी आहेत ती."

"सत्तरी म्हणजे काही जुनं नव्हे," एडना हुंदका देत म्हणाली आणि हॅमसकट चादरीमागे शिरली. डोरीनला शोधता शोधता तिचा पाय त्या लोखंडी डब्याला असा बसला की तो घरंगळत जाऊन भिंतीवर आपटला.

तेवढ्यात जिन्यावरून केस विंचरून डोरीन खाली आली. "एडना? तू कधी आलीस?"

एडना चादरीतून बाहेर आली, तिने डोरीनला पाहिलं आणि जवळच्या खुर्चीत धपकन बसली.

"मग गेलं कोण?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"आणि या हॅमचं काय करू?"

"ठेव टेबलावर," डोरीन म्हणाली. "चहा टाकते. आता आलीच आहेस तर बस. मी परीक्षक आहे, तू उपपरीक्षक हो."

नॉर्मनने डबा जागेवर आणून ठेवला, बटण फिरवून पाहिलं. 'टक' असा आवाज आला. तो समाधानाने उभा राहिला. मग त्याने डोरीनकडे वळून जे म्हटलं, ते म्हणताना त्याला बराच त्रास झाला.

"तू माझ्या खुर्चीत बस."

या खुर्चीबद्दल सांगायला हवं. दोन्ही स्पीकरांचा आवाज जिथे बरोबर येऊन मिळतो ती जागा नॉर्मनने दोरी लावून काढली होती आणि खुर्चीचे चारही पाय गालिच्यावर चिकटपट्टीने आखून ठेवले होते. तिथे दुसरं कुणी बसत नसे. एकदा चर्चचे फादर चुकून बसले, तेव्हा ते उठेपर्यंत नॉर्मन त्यांच्यासमोर उभा राहिला होता. डोरीनची खुर्ची कडेला, डाव्या स्पीकरला टेकून, कारण विणकामाचा दिवा तिथे होता.

"मी? तिथे?" डोरीन म्हणाली.

"परीक्षकाने परीक्षकाच्या जागी बसायला हवं. नाहीतर क्लिफर्ड म्हणेल मी लबाडी केली. फक्त पाय पट्टीवरून हलवू नकोस."

"माझे की खुर्चीचे?"

"दोन्ही."

डोरीन बसली. क्लिफर्ड आणि एडना भिंतीकडेला टेकले. नॉर्मन डब्यापाशी उभा राहिला, बायकोचा चेहरा दिसेल असा. बटण डावीकडे होतं, म्हणजे पहिला नंबर त्याचा स्वतःचा.

"नंबर एक," तो म्हणाला आणि रेकॉर्डवर सुई टेकवली.

बँड सुरू झाला. डोरीन थोडा वेळ हातातल्या कपाकडे बघत होती. मग तिने मान वर केली आणि चादरीच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं तिथे, टक लावून पाहू लागली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही.

नॉर्मनला आभाळ ठेंगणं झालं. क्लिफर्डकडे एक नजर टाकावी असा मोह त्याला झाला आणि त्याने ती टाकली. मग, आता खरी गंमत, असं मनाशी म्हणत त्याने बटण उजवीकडे फिरवलं. टक.

"नंबर दोन."

डोरीन रडतच होती. उलट आता तर हुंदके यायला लागले होते. आणि त्याहून वाईट म्हणजे, नॉर्मनला स्वतःलाही ऐकू आलं की दुसरा नंबर सरस आहे. जास्त मऊ, जास्त मोकळा. कर्णे कसे सोन्यासारखे लखलखत होते. इतकी वर्षं ज्यांना नकला म्हटलं, त्यांच्यापुढे आपले स्पीकर म्हणजे बिस्किटांचे डबे, हे त्याला उभ्या उभ्या पटलं आणि मत्सराने त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"हा रेशमीपणा," क्लिफर्ड डोळे मिटून म्हणाला, "मी झोपेतही ओळखेन."

"दुसरा जास्त स्वच्छ आहे," एडना म्हणाली. तिने हॅम कापायला घेतलं होतं.

रेकॉर्ड संपली. नॉर्मनने विचारलं, "बोल, डोरीन. कुठले तुला आवडले?"

"दोन्ही एकच आहेत. दोन्ही क्लिफर्डचे."

"असं कसं होईल? एक माझे आहेत."

"तुझे मी ओळखत नाही होय? तुझ्या बँडमध्ये मधे कुणी नसतं. सगळे कर्णेवाले एका कोपऱ्यात गोळा होऊन माझ्या कानात फुंकतात. हे तसे नव्हते. बाबा होते मधे."

हे मात्र नॉर्मनच्या सहनशक्तीबाहेरचं होतं. त्याने रेकॉर्ड पुन्हा लावली आणि टॉर्च घेऊन तो चादरीमागे गेला. आपल्या खोक्यांवर तळहात ठेवला, ती थरथरत होती. "बटण फिरव," तो आतून ओरडला. क्लिफर्डने फिरवलं. टक. नॉर्मनची खोकी तशीच थरथरत राहिली, आणि क्लिफर्डची थंड दगडासारखी. "पुन्हा फिरव." क्लिफर्डने फिरवलं आणि बटण त्याच्या हातात आलं. एडनाच्या लाथेने ते आतून निसटलं होतं आणि मघापासून नुसतं टकटक करत फिरत होतं.

नॉर्मन चादरीतून बाहेर आला, तेव्हा तो निदान दहा वर्षांनी लहान दिसत होता.

"माझे," तो म्हणाला. "दोन्ही वेळा माझेच वाजत होते. तुझ्या नकलांना अजून कंठच फुटलेला नाही."

झोपेतही रेशमीपणा ओळखणारा क्लिफर्ड हातातल्या बटणाकडे बघत राहिला. एडनाने त्याला हॅमचा एक काप दिला. नॉर्मन टाळीसाठी डोरीनकडे वळला.

डोरीन हसत नव्हती. ती कडेच्या आपल्या खुर्चीकडे बघत होती, दिव्याखालच्या. मग ती बसली होती त्या खुर्चीकडे तिने खाली पाहिलं, आणि पायांभोवतीच्या चिकटपट्ट्यांकडे.

"क्लिफर्डच्या सोफ्यावरही मी मधेच बसले होते," ती हळूच म्हणाली. "म्हणजे बाबा याच घरात होते."

"अगं, तसं नाही, ती आवाजाची एक..."

"दर रविवारी होते. आणि त्यांच्यासमोर तू एकटा बसायचास."

नॉर्मनने वाकून रेकॉर्डवरची सुई उचलली. क्लिफर्ड म्हणाला की स्पीकर सोमवारी नेतो, आणि एडनाला कोट घालायला मदत करून तिच्याबरोबर गेला. हॅम राहिलं.

"परत लाव," डोरीन म्हणाली. खुर्चीतून ती उठली नव्हती.

ती खुर्ची तिने पुढेही सोडली नाही. नॉर्मनने ती मागितलीही नाही, तेवढी अक्कल त्याला होती. पुढच्या रविवारी, करमेना म्हणून, तो क्लिफर्डकडे गेला. निदान तिथल्या सोफ्यावर तरी मधे बसता येईल. पण क्लिफर्डने दार अर्धवटच उघडलं. सोफ्याच्या ऐन मधोमध, मांडीवर आल्याचा केक घेऊन, एडना सग्डन सुखाने रडत होती.

नॉर्मन घरी परतला. डोरीनने तीच रेकॉर्ड लावली होती. तो दिव्याखालच्या खुर्चीत, डाव्या स्पीकरला टेकून बसला आणि त्याने वर्तमानपत्र उघडलं. सगळे कर्णेवाले एका कोपऱ्यात गोळा झाले आणि त्याच्या कानात फुंकायला लागले. मधे कुणी नव्हतं. त्याने दहा मिनिटं काढली.

"डोरीन," तो म्हणाला, "आवाज जरा कमी कर ना."

"तुला संगीतातलं काही कळत नाही, नॉर्मन," डोरीन डोळे न उघडता म्हणाली. आवाज मात्र तिने कमी केला नाही.