ताईकडे किती वाजले?

कुठल्याही कॉम्प्युटरचा इंटरनेटवरचा नंबर द्या. तो कुठल्या गावात आहे आणि तिथे आत्ता किती वाजलेत, हे घड्याळराव चुटकीसरशी सांगत. ऑफिसने ठेवलेलं नाव ते, आणि पोटापाण्याचा धंदाही तोच, अशा नंबरांची यादी बनवायचा. त्यामुळे परदेशातल्या थोरल्या ताईने नोकरीसाठी गाव बदललं, तेव्हा तिथली वेळ तिलाच विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं. तिच्या ईमेलमधला नंबर काढून त्यांनी आपल्याच यादीत पाहिला आणि दर रविवारी दुपारी साडेचारला, म्हणजे तिच्या सकाळी अकराला, फोन सुरू केला.

ताई नुसती "हं, हं" करायची. एकदा तर चक्क घोरली.

"ताई, मी बोलतोय आणि तू घोरतेस?"

"नाही रे, ऐकतेय. बोल ना."

घड्याळरावांचं टाळकं सटकलं. "सकाळी अकराला कोण झोपतं? परकी झाली ती," ते बायकोला म्हणाले.

"अहो, विचारा तरी तिला."

"मी विचारू? वेळ मला विचारतात लोक!"

झालं, फोन बंद. तीन महिने.

मग एका दुकानदाराची तक्रार आली. "तुमच्या यादीच्या भरवशावर आम्ही सकाळी अकराला जाहिराती पाठवतो, अन् गिऱ्हाइकं पहाटे तीनला उठून शिव्या घालतात!"

घड्याळरावांनी तपासलं. यादीत त्या नंबरांपुढे इंटरनेट कंपनीच्या मुख्य ऑफिसचं गाव लागलं होतं. गिऱ्हाइकं पार समुद्रापलीकडे. आणि त्याच ओळीत ताईचा नंबर. इतके रविवार आपण बिचारीला पहाटे तीनला उठवत होतो, आणि वर रुसलोही आपणच!

त्या रविवारी त्यांनी रात्री साडेदहाला, म्हणजे तिच्या खऱ्याखुऱ्या सकाळी नऊला, फोन लावला. ताईचा आवाज पेंगुळलेला.

"झोपले होते रे आत्ताच."

"सकाळी नऊला?"

"हॉस्पिटलात रात्रपाळी मागून घेतलीय मी. तुझ्या फोनवर पेंगायचे, तुला राग यायचा. म्हटलं, जागी तरी असेन."

"अगं, मग तिकडे तीन वाजलेले असतात हे सांगायचं नाही का?"

"तुला काय सांगायचं वेळेतलं? तुझं कामच ते. वाटलं, तेवढीच सवड मिळत असेल तुला. दर रविवारी तीनला चहा घेऊन बसते रे. तुझा फोनच येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा घड्याळरावांनी कुणाला तरी वेळ विचारली. "ताई, चुकलो गं मी. किती वाजता करत जाऊ फोन?"

"आता तीनलाच कर, बाबा. वर्षभर रात्रपाळीचं लिहून दिलंय मी."