घरत बाईंची सुतळी

आमच्या शाळेत तिसरीच्या वर्गात एक लोखंडी कपाट होतं. त्यात पनवेलमधल्या कित्येकशे माणसांची उंची गुंडाळून ठेवलेली होती. स्टँडवरचे रिक्षावाले, मोहल्ल्यातला बेकरीवाला, नगरपालिकेतला एक कारकून, न्हावा शेव्याला कंटेनर हाकणारे निदान दहा-बारा ड्रायव्हर. तिसरीत असताना सगळे जेवढे होते तेवढेच, सुतळीच्या रूपात, आत बसले होते. कपाट शाळेचं होतं, पण किल्ली घरत बाईंच्या कमरेला असायची आणि मुख्याध्यापकांचीसुद्धा ती मागायची छाती नव्हती.

घरत बाई तिसरीला परिसर अभ्यास शिकवायच्या. बाकीचे विषयही शिकवायच्या, पण ते सरकार सांगतं म्हणून. मी चौथीची बाई. तिसरी आणि चौथीच्या मध्ये भिंत नव्हती, दोन कपाटं आणि एक फळा होता. त्यामुळे नऊ वर्षं मी एका कानाने चौथी शिकवली आणि दुसऱ्या कानाने तिसरी शिकले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की तिसऱ्या दिवशी पुस्तकं मिटायची. "आदी आपन, मग घर, मग आळी, मग पनवेल," बाई म्हणायच्या. "पृथ्वी वरच्या वर्गात येते. तिची घाई नाय." एरवी त्या पुस्तकी बोलायच्या, पण रंगात आल्या की खाडीकाठचं त्यांचं गाव जिभेवर यायचं. मग एकेक मूल दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं राहायचं. टाचेपासून टाळूपर्यंत सुतळी लावायची, कापायची, कापडाच्या चिंधीवर शाईने नाव लिहून टोकाला बांधायची. बाईंचे वडील जाळी विणायचे, त्यामुळे सुतळीवर त्यांचा हात असा चालायचा की बघत राहावं.

मार्चमध्ये तेच मूल पुन्हा चौकटीशी. आता नवी सुतळी लावायची, जुन्या सुतळीएवढा भाग कापून टाकायचा आणि उरलेला तुकडा मुलाच्या हातात द्यायचा. "ही तुजी वर्षाची कमाई," बाई सांगायच्या. पोरं तो तुकडा मनगटाला बांधून आठवडाभर मिरवायची. ज्याचा तुकडा आखूड निघे त्याला बाई जवळ घेऊन म्हणायच्या, "तू आतून वाढलास. ते सुतळीला दिसत नाय." जुन्या सुतळीला शेवटी एक गाठ बसायची. गाठ म्हणजे माप पुरं झालं. मग ती कपाटात.

मोजलेल्या मुलाची वाढ खुंटते, असं आमच्याकडे पुष्कळ बायका मानतात. दर जूनमध्ये एखादी आई पदर खोचून यायचीच. बाई तिच्याशी अजिबात वाद घालायच्या नाहीत. "बरोबर हाय तुजं," त्या म्हणायच्या. "अर्धं मोजलं तर खुंटतं. आमी पुरं मोजतो." आई खोचलेला पदर सोडून परत जायची. गंमत म्हणजे अशा आयांना समजावता समजावता घरत बाईंचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

त्यांचं 'माझे कुटुंब' ऐकायला मी माझ्या वर्गाला मुद्दाम शुद्धलेखन देऊन गप्प बसवायची. पुस्तकात आई, बाबा, आजी, आजोबा यांचं चित्र होतं. बाई ते झाकायला लावायच्या. "कुटुंब म्हंजे कोन? ज्या घरी तुमच्या वाटचा भात शिजतो ते कुटुंब. तुमी जेवायला नसलात तर पातेल्यात एक मूठ उरते, ते." मग मुलं हिशेब करायची. कुणाच्या कुटुंबात काकू यायची, कुणाच्यात खानावळवाला. एका मुलाने शाळेची खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं नाव लिहिलं. बाईंनी त्याला बरोबरची खूण दिली आणि त्या दुपारी मावशींनी त्याला दोनदा वाढलं.

'माझा शेजार'चा धडा आला की मात्र गावात हाहाकार व्हायचा. मुलांनी शेजाऱ्याकडे जाऊन विचारायचं की तुमचा जन्म कुठला, घरात माणसं किती, आज जेवायला काय. एका वर्षी बेकरीवाला लतीफ तणतणत शाळेत आला. "बाई, ही जनगणना हाय का काय? सकाळपासून सात पोरं आली. आमच्या अम्मीला वय विचारलं! अब्बा गेले तरी त्यांना कधी कळलं नाय, आता तुमच्या पोरांना कळणार?"

"तू तिसरीत असताना लेल्यांच्या आजीला दात किती ते विचारून आला होतास," बाई म्हणाल्या आणि कपाट उघडून त्याची सुतळी काढली. सव्वा सहा फुटी लतीफ त्या सुतळीसमोर उभा राहिला आणि त्याचा राग बघता बघता उतरला. जाताना शिक्षकांसाठी नानकटाई पाठवतो म्हणाला, आणि पाठवलीही.

आता त्या पिशवीबद्दल सांगते, कारण तिच्यापायीच सगळं घडलं.

कपाटाच्या आतल्या खिळ्याला पिठाची एक रिकामी पिशवी लटकलेली असे. तिच्यात बिनगाठीच्या सुतळ्या. जूनमध्ये मोजलेली आणि मार्चपर्यंत न टिकलेली मुलं. आमच्याकडे इमारतींच्या कामावरची कुटुंबं येतात, दिवाळीला गावी जातात आणि परत दुसऱ्याच साइटवर उतरतात. हजेरीपटावर अशा मुलाच्या नावापुढे 'सतत गैरहजर' लिहून आम्ही मोकळे. बाईंना मोकळं होता येत नसे. त्या मुलांच्या गावच्या शाळेला पत्र टाकायच्या. 'मा. मुख्याध्यापक, सोबत सुतळी जोडली आहे. कृपया कुमार अमुक यास दाराशी उभे करून वाढीचा तुकडा त्यास द्यावा व मूळ सुतळी गाठ मारून परत पाठवावी.' आम्ही शिक्षकांच्या खोलीत पोट धरधरून हसायचो. पण गाठ मारलेल्या सुतळ्या परत यायच्या! एका गुरुजींनी तर स्वतःच्या शाळेतल्या दोन जादा मुलांची मापं पाठवली, म्हणाले, ही पण ठेवून घ्या.

बाईंच्या निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा पिशवीत एकच सुतळी उरली होती. शीतल नावाच्या मुलीची. ती चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आलीच नव्हती. नांदेडकडची होती, पण गावच्या शाळेने कळवलं होतं की कुटुंब इथे परतलेलं नाही. "एवडी एक झाली की मी सुटले," बाई म्हणायच्या. मी थट्टेने विचारलं, नाही झाली तर? बाई हसल्या नाहीत. "पोरगी तिकडं खुंटून बसेल ना गो," म्हणाल्या.

आणि एप्रिलमध्ये मी ती सुतळी कापली.

त्याचं असं झालं की वार्षिक परीक्षेचे पेपर केंद्रशाळेत पाठवायचे होते. शिपाई दारात उभा, गठ्ठे बांधायला दोरी नाही. बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या होत्या, कपाट उघडं होतं, पिशवी टेबलावर होती. घाईत विचार न करता मी आत हात घातला, सुतळी ओढली, चिंधी उपटून टोपलीत टाकली, सुतळीचे दोन तुकडे केले आणि तिसरी-चौथीचे गठ्ठे करकचून बांधून दिले. काम वेळेत झालं म्हणून मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी बाई टोपलीतून ती चिंधी काढून माझ्यासमोर आल्या. शाई फुटलेली, पण 'शीतल' वाचता येत होतं. त्यांनी चिंधी हातावर सपाट केली आणि म्हणाल्या, "चल."

केंद्रशाळेत केंद्रप्रमुखांनी आम्हाला गठ्ठ्यांना हात लावू दिला नाही. "गोपनीय आहे, बाई."

"पेपर तुमचे ठेवा. सुतळी आमची द्या."

"सुतळी?"

"त्यात पोरगी हाय एक," बाई म्हणाल्या.

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. शेवटी त्यांनी अट घातली की बदली सुतळी आणा. बाईंनी बाजारातून अख्खा गुंडा आणला, त्यांच्या देखत दोन्ही गठ्ठे पुन्हा बांधले आणि ते दोन तुकडे ब्लाउजमध्ये खोचून निघाल्या.

माझ्याने राहवेना. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. कोळीवाड्याच्या टोकाला एक खोली, आणि काय ती लख्ख! बाई स्टोव्हपुढे बसल्या होत्या. वडील गेल्यापासून त्या एकट्याच राहतात एवढं मला ऐकून माहीत होतं. पण त्यांनी डब्यातून एक मूठ तांदूळ काढले, कपाएवढ्या पातेलीत टाकले आणि डबा बंद केला, तेव्हा मला ते कळलं. साऱ्या पनवेलला कुटुंबाची व्याख्या शिकवणारी बाई रोज संध्याकाळी एक मूठ मोजत होती. मला माझीच लाज वाटली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी दोन तुकडे माझ्यापुढे धरले. मध्ये गाठ मारलेली होती. जाळ्याला मारतात तशी, बारीक आणि पक्की.

"आमचा बा सांगायचा, फाटलं म्हनून जालं टाकीत नाय," त्या म्हणाल्या. "पन गाठीत दोन बोटं गेली. ती धरायला लागतील. आता पोरगी शोद."

'शोद' हे मला सांगितलं होतं. मी कसली शोधणार? मी लतीफला सांगितलं. लतीफने उलव्याला पाव टाकणाऱ्या त्याच्या टेम्पोवाल्याला सांगितलं. टेम्पोवाला तिसरीत बाईंकडेच होता. त्याने साइटवरच्या पाण्याच्या टँकरवाल्याला विचारलं. तोही कपाटातलाच. पाचव्या दिवशी लतीफ शाळेच्या फाटकातून ओरडला, "बाई, भेटली! शेजारचा धडा कामाला आला बगा!"

रविवारी मी आणि बाई उलव्याला गेलो. जिकडे तिकडे बांबूच्या परांच्या, खडी, सिमेंटची धूळ. त्यातच पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ, आणि शेवटच्या खोलीच्या दारात एक उंच, सावळी मुलगी कपडे वाळत घालत होती. बाईंना बघून तिने आधी हातातला चिमटा टाकला. मग दाराच्या चौकटीला पाठ लावून, टाचा जोडून उभी राहिली.

"कितवीत?" बाईंनी विचारलं.

"सहावीत. इथल्या शाळेत जाते, बाई. मधी एक वर्ष गेलं."

"जाऊ दे. हनुवटी सरळ."

बाईंनी नवी सुतळी लावली. शीतल आता त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होती, त्यामुळे आधी त्यांना दगडावर चढावं लागलं. मग जुनी सुतळी शेजारी धरली, माप काढलं आणि कापायच्या आधी थांबल्या. गाठीत गेलेली दोन बोटं त्यांनी बोटांनीच मोजून वेगळी कापली. उरलेला लांबलचक तुकडा शीतलच्या हातात दिला. "चार वर्षांची कमाई." आणि तो दोन बोटांचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

"हा तुजा. या वर्षी एवडी वाढलीस तू."

तो तुकडा अजून माझ्या पाकिटात आहे.

जुन्या सुतळीला शेवटची गाठ बसली. पिशवी रिकामी झाली. बाई दगडावर टेकल्या आणि एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. आता पुढच्या जूनमध्ये त्यांच्यासमोर कुणी चौकटीशी उभं राहणार नव्हतं, हे माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं.

"चला," त्या उठत म्हणाल्या, "उशीर होईल."

"कुठं चला?" आतून शीतलची आई बाहेर आली. हाताला तांदळाचं पाणी लागलेलं. "बाई, बसा वो. जेवल्याबगर कसं जाताव?"

"नको गो, घरी करीन मी. एक मूठ तर लागतो मना."

"आता कशाला करताव?" ती म्हणाली. "मघाशीच टाकलाय तुमच्या वाटचा."

घरत बाईंनी शीतलकडे पाहिलं. धडा पाठ असलेल्या मुलासारखी ती हसत होती. मग बाईंनी पायातल्या चपला काढल्या, चौकटीबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि आत जाऊन मांडी घालून बसल्या.