समाजसेवा : वरीलप्रमाणे

व्यापारी संघाचे चिटणीस फॉर्म घेऊन आले तेव्हा बाबा गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूममध्ये होते आणि लिफ्टचा मेकॅनिक लिफ्टमध्ये अडकला होता.

लिफ्ट तशी बिघडली नव्हती. दुसऱ्या मजल्यापाशी ती किंचित घासते, असं बाबांचं मत होतं. मेकॅनिकला फोन गेला होता. तो येईपर्यंत "जरा बघतो" म्हणून बाबा पान्हा घेऊन वर गेले. मेकॅनिक वेळेवर आला, लिफ्टमध्ये शिरला, आणि पहिला आणि दुसरा मजला यांच्या मधोमध थांबला.

चिटणीस चार मजले चढून आले. खुर्चीत बसून त्यांनी आधी श्वास घेतला, मग बातमी दिली. "अभिनंदन वहिनी! यंदाच्या उद्योजक गौरवासाठी काकांचं नाव पक्कं."

"कोणाचं? आमच्या ह्यांचं?" आईने हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "अहो, तुमच्या अध्यक्षांनी ह्यांना दोनदा दुकानातून बाहेर काढलंय!"

"म्हणूनच. तिसऱ्यांदा काढण्यापेक्षा सत्कार करावा, असं बैठकीत ठरलं." चिटणिसांनी दोन कोरे फॉर्म टेबलावर ठेवले. "एक खराब झालाच तर दुसरा. कार्यक्रम एकवीस तारखेला."

बाबांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. एकतीस वर्षं. पण दुकानात बसून त्यांचं भागत नसे. पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं किलोचं पितळी वजन असायचं, आणि साखर घ्यायला गेले तरी ते आधी ते वजन दुकानदाराच्या काट्यावर ठेवत. "बघा, अठरा ग्रॅम जास्त दाखवतोय. दोन मिनिटांचं काम आहे, करून देतो." दुकानदार नको म्हणेपर्यंत काटा उघडलेला असे. सगळा बाजार त्यांना 'काटेकोर' म्हणत असे. समोर हसून म्हणायचे, पाठीमागे दात खाऊन.

मुलगी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. लोकांच्या चुका काढायचा तिला पगार मिळे आणि बाबा त्या फुकट काढत, फरक एवढाच. पण तिला तो जमीन-अस्मानाचा वाटे. ती चूक काढायची ती खाली मान घालून, समासात, पेन्सिलीने. बाबा भर दुकानात काढत, गिऱ्हाइकांदेखत.

तिने फॉर्म ओढून घेतला. "रकाना पाच. 'आपल्या उद्योगांची माहिती थोडक्यात लिहा.'"

"ह्यांचे उद्योग? थोडक्यात?" आई म्हणाली. "पुरवणी जोडा म्हणावं."

जिन्यातून मेकॅनिकच्या हाका येत होत्या. मुलीला कामावर जायला उशीर झाला होता आणि रागही आला होता. तिने पेन उघडलं आणि खरोखरच लिहायला घेतलं. आई कपड्यांच्या घड्या टाकून शेजारी बसली आणि भर घालू लागली. पाचव्या मुद्द्यापाशी दोघींना हसू आवरेना. त्याखाली रकाना सहा होता, 'समाजसेवा'. तिथे मुलीने लिहिलं : 'वरीलप्रमाणे'.

बाबा खाली आले तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं. "काय चाललंय?" म्हणत त्यांनी कागद न धरता, नुसतं वाकून, सगळा वाचला.

"पाचव्या मुद्द्यातले चाळीस ग्रॅम नव्हते," बाबा म्हणाले. "पंचेचाळीस. दुरुस्त कर."

"बाबा, ही थट्टा आहे. हा पाठवायचा नाहीये."

"का? खोटं काय आहे त्यात?"

"लोक हसतील."

"हसतील की. पैसे पडतात का हसायला?" आणि ते साबण शोधायला गेले.

तिने चाळीसचे पंचेचाळीस केले, कारण चूक तशीच ठेवणं तिला जमत नसे. मग दुसऱ्या फॉर्मवर नीट, जबाबदार मराठीत लिहिलं : 'गेली एकतीस वर्षे वजनकाट्यांची अचूक व प्रामाणिक दुरुस्ती...' घडी पडू नये म्हणून तो शब्दकोशात ठेवला. "चांगला फॉर्म शब्दकोशात आहे. तोच द्या. टेबलावरचा नाही. ऐकलंत ना?"

"हो गं बाई, ऐकलं."

"आणि आता लिफ्टला हात लावू नका. असले नसते उद्योग पुरे झाले."

एवढं बोलून ती जिन्याने खाली गेली. रात्री परत आली तेव्हा बाबा झोपले होते. फॉर्म ते संध्याकाळीच देऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि पायरीवर बसले. समोरच्या चावीवाल्याला वाटलं, कुलपाचं काहीतरी बघतायत. ते नेहमीच काहीतरी बघत असायचे, म्हणून अर्धा तास कोणी विचारलं नाही. विचारलं तेव्हा बाबा गेलेले होते.

पुढचे तीन आठवडे मुलगी कामाला लागली. कपाटं आवरली, औषधं परत केली, पत्रं लिहिली. कुठेही दहा मिनिटांवर तिला बसवत नसे. चिटणीस येऊन सांगून गेले की सत्कार होणारच, काकांच्या जागी तिने यावं. ती हो म्हणाली आणि पुन्हा आवरायला लागली.

एकवीस तारखेला दुपारी चार वाजता एका शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ पाहायला तिने शब्दकोश उघडला. आत चांगला फॉर्म होता. घडी न पडलेला.

"आई," ती म्हणाली, "बाबांनी थट्टेचा दिला."

आई केस विंचरत होती. फणी तशीच केसांत राहिली. "तो अध्यक्षांसमोर वाचणार?"

"अध्यक्षांसमोर. सगळ्या बाजारासमोर. माइकवरून."

ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला एक ग्रॅम खोटं तोलू दिलं नाही, त्याची शेवटची आठवण म्हणून सगळा बाजार खो-खो हसणार होता. आणि हसवायला मजकूर दिला होता पोटच्या मुलीने.

तिने चिटणिसांना फोन लावला. "फॉर्ममध्ये एक दुरुस्ती आहे."

"शुद्धलेखनाची? सोडून द्या हो! आमच्या संघाच्या पाटीवर दोन चुका आहेत, कोणाचं काही अडलंय का?"

"मजकूरच बदलायचाय."

"मग निवेदिकेला गाठा. फाइल तिच्याकडे आहे."

निवेदिका सभागृहाच्या मागच्या खोलीत आरशासमोर "सुस्वागतम" वेगवेगळ्या सुरांत म्हणत होती. फाइल अध्यक्षांच्या गाडीत होती. गाडी पुष्पगुच्छ आणायला गेली होती. पुष्पगुच्छ चुकून दुसऱ्या सभागृहात गेले होते, म्हणून गाडी तिकडे गेली होती. मुलगी फाटकापाशी येरझाऱ्या घालत राहिली. पहारेकऱ्याने तिला दोनदा बसायला सांगितलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच उभा राहिला.

सहाला दहा मिनिटं कमी असताना गाडी आली आणि फाइल थेट व्यासपीठावरच्या टेबलावर गेली. टेबलक्लॉथ सारखा करण्याचं निमित्त करून मुलगी वर चढली. आत सगळे सारखेच फॉर्म, सगळे निळ्या शाईत. एक-दोन-तीन असे आकडे घातलेला एक दिसला. तेवढ्यात पडद्यामागे पावलं वाजली. तिने तो ओढला, चांगला आत सरकवला आणि खाली येऊन आईशेजारी बसली.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं." तिने पर्समधून कागद काढला. फाडून टाकण्याआधी एकदा पाहावं म्हणून उघडला. 'एक : दररोज अकराशे ब्रेड. दोन : बिस्किटांचे सतरा प्रकार.'

"काय गं? पांढरी का पडलीस?"

"आई, मी बेकरीवाल्या बाईंना पळवलंय."

दिवे मंद झाले. पहिलं नाव बेकरीवाल्या बाईंचंच निघालं. बाई ऐटीत व्यासपीठावर जाऊन उभ्या राहिल्या. निवेदिकेने फाइलमधला वरचा कागद घेतला. आधी वाचून पाहण्याची तिला सवय नव्हती. तिचा सगळा भर सुरावर होता.

"गेली एकतीस वर्षे," ती गहिवरून म्हणाली, "वजनकाट्यांची अचूक व प्रामाणिक दुरुस्ती करणाऱ्या..."

"अहो, मी ब्रेड भाजते!" बाई म्हणाल्या.

"आणि ब्रेडही भाजणाऱ्या," निवेदिका अडखळली नाही, "अशा या बहुगुणी—"

"काट्याला मी उभ्या जन्मात हात लावलेला नाही!"

सभागृहात खसखस पिकली. मुलगी उठली. बाईंचा कागद तरी द्यायला हवा होता. ती पायऱ्या चढून वर पोहोचली तशी निवेदिकेला हायसं वाटलं. "आणि या पाहा, आपले दिवंगत काटेवाले काका यांच्या कन्या स्वतःच आल्या आहेत! तर आधी त्यांचाच सत्कार करू." तिने पुढचा कागद उचलला. मुलीने आपलं अक्षर ओळखलं.

"तो वाचू नका," ती म्हणाली.

"आपल्या भावना आम्ही समजू शकतो," निवेदिका हळुवारपणे म्हणाली आणि वाचू लागली.

"एक : इमारतीची चालू लिफ्ट दुरुस्त केली. मेकॅनिक अजून आत आहे. दोन : शाळेची घंटा नीट केली. त्या दिवशी शाळा चाळीस मिनिटे आधी सुटली. तीन : दवाखान्यातला वजनाचा काटा तीन किलो कमी दाखवायचा, तो बरोबर केला. डॉक्टरांकडे वजन कमी करायला येणारे निम्मे रुग्ण भांडून गेले. चार : मुलीच्या होणाऱ्या सासरी पहिल्याच भेटीत भिंतीवरचे घड्याळ उतरवून टेबलावर उघडले. लग्न मोडले. घड्याळ चालू आहे."

आता लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. निवेदिकेचा सूर हरवला होता, पण थांबायचं कसं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. "पाच : संघाच्या अध्यक्षांच्या दुकानातला काटा, न विचारता, गिऱ्हाइकांसमोर उघडला. किलोमागे पंचेचाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. समाजसेवा..." तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "वरीलप्रमाणे."

हसणं एकदम थांबलं. सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या. अध्यक्ष उठले. ते माइकपाशी येईपर्यंत मुलीला वाटत होतं, आपण टेबलाखाली जावं.

"पंचेचाळीस. बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, काटेवाल्याने चांगला काटा बिघडवला. बिघडवला नव्हता. आणि आधीही तो बिघडलेला नव्हता." त्यांनी रुमाल काढला. "मुद्दाम तसा लावलेला होता."

टाळ्या वाजवाव्यात की पोलिसांना बोलवावं, हे सभागृहाला कळेना. शेवटी मागून कोणीतरी एक टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. अध्यक्ष घाम पुसत खाली बसले. बऱ्याच दिवसांनी नीट श्वास घेतल्यासारखे दिसत होते.

चिटणीस मानचिन्ह घेऊन मुलीजवळ आले. ती पुटपुटली, "माफ करा. त्यांनी चुकून दुसराच कागद दिला."

"चुकून?" चिटणीस म्हणाले. "माझ्या दुकानात उभं राहून अख्खा वाचून दाखवला त्यांनी मला. दोनदा. म्हणाले, लेकीने लिहिलंय. शोधा एक तरी चूक."

तिच्या हातात मानचिन्ह आलं. निवेदिका कानाशी कुजबुजली, "दोन शब्द. आभाराचे. प्लीज."

आभाराचे शब्द तिने पाठ केले होते. त्यातला एकही आठवेना. माइकसमोर उभं राहून ती काहीतरी बोलली. नेमका तेव्हाच माइकने दगा दिला. ती बोलली ते पहिल्या रांगेत आईने ऐकलं आणि हात तोंडावर नेला.

"आवाज येत नाही!" मागून ओरडा झाला. "मोठ्याने बोला!"

तिने उभ्या आयुष्यात भरल्या सभागृहात आवाज चढवला नव्हता. तिने माइक बाजूला सारला.

"मी म्हटलं, मला बाबांची लाज वाटायची! ते बाजारात दिसले की मी रस्ता बदलायचे. आणि त्यांच्याइतका खरा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. दोन्ही खरं आहे. यातलं काहीही मी त्यांना सांगितलं नाही."