वजनदार वॅट

माझी मुलगी महिन्याची असताना शेजारचे काकाजी तिला पाहायला आले. लोक बाळाला पाहतात तेव्हा नाक कोणावर गेलं, रंग कोणाचा घेतला, असलं काहीतरी सांगतात. काकाजींनी बाळ दोन्ही हातांवर घेतलं, डोळे मिटले, किंचित वर-खाली केलं आणि जाहीर केलं, "सव्वाचार किलो. ओलावा धरून." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मला राग यायचा तो आलाच. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर पोरगी बरोब्बर सव्वाचार भरली, आणि तेव्हापासून या माणसाबद्दल मला जे कुतूहल लागलं ते लागलंच.

काकाजी म्हणजे श्रीरंगजी कोंडावार. वर्धेजवळ बोरगाव मेघ्यात आमची न् त्यांची भिंत एक. उभा जन्म कापूस आणि तुरीच्या अडतीत गेला. शेतकरी कापसाला पाणी मारून आणतो, तुरीच्या पोत्यात मधोमध खडे भरतो, आणि हे महाशय नुसता हात लावून ओळखतात, अशी त्यांची बाजारात ख्याती. अडत बंद केली तरी हात काही बंद झाला नाही. टरबूज, कुलूप, चपलेचा जोड, सगळं तोलून पाहायचे. लग्नाची पत्रिका आली की तळहातावर ठेवून जेवणात किती गोड पदार्थ असतील ते सांगायचे, आणि मेल्याचं खरंही व्हायचं. वर्तमानपत्र हातात घेऊन म्हणायचे की आज हलकं आहे, जाहिराती कमी आल्या असतील. "जबानीवर जाऊ नका मास्तरीणबाई. वजन पाहा, मंग बोला." हे त्यांचं ब्रीद. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून मी मास्तरीणबाई.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराला एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत असताना त्यांनी भिंतीवरून डोकं काढलं आणि विचारलं, वॅट म्हणजे काय. मला शिकवायला काय, निमित्तच हवं. ऊर्जा, काळ, भागिले, सगळं सांगितलं. बादली आणि नळाचं उदाहरण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे झालं पुस्तकातलं," ते म्हणाले. "आता सांगा, हजार वॅटचं वजन किती?"

चौकशी केल्यावर प्रकरण बाहेर आलं. काकाजींना कॉम्प्युटर घ्यायचा होता, आणि साधासुधा नाही. ज्या माणसाने मोबाईलसुद्धा "हलका आहे, टिकणार नाई" म्हणून परत केला होता, त्याला वर्धेत कोणाकडे नसेल असा दांडगा कॉम्प्युटर पाहिजे होता.

कारण होतं संदीप. त्यांचा एकुलता एक. पुण्याला असायचा. इमारत बांधायच्या आधीच गिऱ्हाइकाला तिच्यातून फिरवून आणणारी चित्रं तो कॉम्प्युटरवर काढायचा. असलं एक चित्र पुरं व्हायला मशीन दिवसदिवस चालते म्हणे, आणि मध्येच लाईट गेली की केलेलं सगळं पाण्यात. काकू वारल्या त्यानंतर काकाजी एकटेच राहत होते. वर्षभर त्यांनी फोनवर संदीपजवळ एकच लकडा लावला होता, की काम कॉम्प्युटरवरच आहे ना, मग इथं बसून कर. शेवटी तो म्हणाला, "मी आलो असतो बाबा. पण तिथल्या लाईटीचा काय भरवसा? माझी मशीन तिथे टिकणार नाही."

लाईटीचं म्हणाल तर पोरगं खोटं बोलत नव्हतं. भारनियमनाचे दिवस होते. लाईट जाण्याचं वेळापत्रक होतं आणि येण्याचं नव्हतं. आली तरी पंखा कधी मुंगीच्या पावलानं फिरायचा, कधी छत उडवायला निघायचा. पण त्या वाक्यातलं मला जे ऐकू आलं ते काकाजींना आलंच नाही. त्यांना एवढंच ऐकू आलं, की मी आलो असतो.

"पोरगा येते," ते मला म्हणाले. "तयारच आहे तो. फक्त पावरचा प्रश्न आहे."

म्हातारा इतका खूश होता की माझी जीभ उचलेना.

झालं, काकाजी कामाला लागले. अंगणात इलेक्ट्रिशियनकडून माणूसभर खड्डा खणवून घेतला, त्यात कोळसा न् मीठ भरून अर्थिंग केलं. ही जमीन ओली ठेवावी लागते असं त्याने सांगितल्यावर रोज सकाळी आंघोळ झाली की तुळशीला एक तांब्या आणि अर्थिंगच्या पाइपात एक तांब्या, असा नेम सुरू झाला. गल्लीतल्या बायकांनी मला विचारलं की हा कोणता देव. मी म्हटलं, नवीन आहे, नवसाला पावतो का ते अजून पाहायचंय. मग स्टॅबिलायझर आला, मग मोठ्या बॅटऱ्यांचा यूपीएस आला. हे महाराज पिठाची गिरणी टाकून राह्यले, अशी वार्ता पार नाक्यापर्यंत पोचली.

राहिला पॉवर सप्लाय. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला बसणारी ती लोखंडी पेटी, जी घरची वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी वाटून देते. संदीपच्या कामाला लागणारं चित्रांचं कार्ड मोठं खादाड असतं, त्यामुळे ही पेटी दणकट पाहिजे. काकाजींना हजार वॅटच पाहिजे होते. मी समजावून सांगितलं की हजार वॅटची घेतली म्हणून ती सारखी हजार खात नाही, आतल्यांना लागेल तेवढंच देते. हे त्यांना चटकन पटलं. बैलजोडी कितीही तगडी असली तरी गाडीत ओझं असेल तेवढंच ओढते, असं त्यांनी मलाच समजावून सांगितलं.

गावातल्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने तीन पेट्या काउंटरवर मांडल्या आणि वॅट, पंखे, हमी असं बोलायला सुरुवात केली. काकाजींनी हातानेच त्याला थांबवलं. एकेक पेटी उचलली, डोळे मिटले. मधलीवर हात आल्यावर त्यांचा चेहरा उजळला. हजाराची गावात नव्हतीच; ही सहाशे वॅट लिहिलेली, पण तिघींत सगळ्यांत जड, कुठल्याशा कधी न ऐकलेल्या कंपनीची. मी हळूच म्हटलं, नाव तरी पाहा. ते म्हणाले, नाव कोणीही छापते, वजन पाहा. दुकानदाराला तर बोलायचं कामच उरलं नाही.

मशीन जोडून झाली. ज्या दिवशी जोडणाऱ्या पोराने तपासायला म्हणून पहिलं मोठं चित्र करायला लावलं त्या दिवशी काकाजींनी गल्लीत पेढे वाटले. पेढा माझ्या तोंडात होता तोवर त्यांच्या घरातून फट्ट असा आवाज आला आणि मागोमाग जळक्या रबराचा वास.

मी धावत गेले. काकाजींनी ती पेटी बाहेर ओट्यावर आणून स्क्रू काढले. आत चार वायरी, एक चपटा बारकासा ट्रान्सफॉर्मर, आणि तळाशी पक्की ठोकलेली एक जाडजूड लोखंडी पट्टी. तिला ना वायर, ना काम. फक्त वजन. तुरीच्या पोत्यात मधोमध खडे असतात ना, तेच.

पट्टी तळहातावर घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि ती तोलून पाहिली. मला हसू आवरेना आणि हसायचीही भीती. शेवटी तेच हसले, पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आपल्याच धंद्यातली चोरी, बाप्पा," ते म्हणाले, "अन् आपल्यालेच गंडवलं."

दुकानदाराशी भांडायला चला म्हटलं तर आले नाहीत. माल आपण हाताने पारखून घेतला, आता बोंब कोणाच्या नावाने मारायची, असं त्यांचं म्हणणं. पण एक झालं. त्या दिवसानंतर त्यांनी माझं ऐकायला सुरुवात केली, आणि मलाही पहिल्यांदाच या पेट्यांच्या पाठीवरचे तक्ते वाचायची गोडी लागली. शाळेतून आले की मी तेच वाचत बसायची. नवरा म्हणाला, इतका अभ्यास बीएडला केला असतास तर. गंमत अशी, की पेटीवर वॅटचा आकडा मोठा छापलेला असतो, पण चित्रांचं कार्ड जेवतं बारा व्होल्टच्या वायरीवर. त्या वायरीवर किती अँपिअर मिळतात ते बारीक अक्षरांत असतं. बाराने गुणलं की खरं काय ते कळतं. आमच्या त्या सहाशेवाल्या पेटीत खऱ्या कामाचे वॅट दोनशेच्या आसपास निघाले.

काकाजी म्हणाले, "म्हणजे पोतं क्विंटलचं लिहिलं आहे, पन आत तूर किती ते विचारा." मी आठवीच्या वर्गात हे इतकं सोपं करून कधी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही नागपूरला सीताबर्डीत गेलो. काकाजींनी घरून मशीन पोत्यात बांधून सोबत घेतली होती, कारण माल चालवून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तिथल्या एका दुकानात हजार वॅटची पेटी होती, पण हिशेब केल्यावर साडेसहाशेची चांगल्या घरची पेटी आमच्या कामाला पुरून उरत होती. काकाजींनी मोठ्या कष्टाने हजाराचा हट्ट सोडला. दुकानदाराने ती जोडून दिली, चित्र सुरू केलं, आणि काकाजींनी एक स्टूल मागून घेतलं. मला वाटलं पाच-दहा मिनिटं. छे. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी ते तिथेच. दुपारी डबा तिथेच खाल्ला. मधून मधून उठायचे आणि मागच्या पंख्यातून येणाऱ्या हवेला तळहात लावायचे, आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

"ताप नाई," असं म्हणून पुन्हा बसायचे. दुकानदाराने आधी चहा दिला, मग बिस्किटं दिली, आणि शेवटी तोही त्यांच्यासोबत हात लावून पाहायला लागला.

दिवाळीला संदीप आला. सुटीतही त्याच्यामागे काम होतंच. तो मशीनसमोर बसला तो उठलाच नाही. मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा काकाजी दारात मांडी घालून बसले होते आणि मशीनकडे नाही, पोराकडे पाहत होते. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, यूपीएस कुईकुई ओरडला, आणि पडद्यावरचं चित्र जसं होत होतं तसं होत राहिलं. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. वरातीतल्या नवरदेवाच्या बापाचा चेहरा असतो ना, तो चेहरा. संदीप म्हणाला की पुण्यात ऑफिसलाही इतकी चांगली मशीन नाही. काकाजींनी ताटातला अनारसा उचलून त्याच्या हातात दिला. येतो का, थांबतो का, असा एक शब्द त्या चार दिवसांत त्यांनी काढला नाही. सामान तयार आहे, आता पोरगा आपल्या तोंडाने सांगेल, या भरवशावर ते होते.

पोरगा काही सांगत नव्हता.

निघायच्या दिवशी मी त्याच्यासाठी चिवड्याचा डबा घेऊन गेले. बॅग दाराशी होती, ऑटो बाहेर उभा होता. आत मशीन चालूच होती, तिच्या पंख्यांचा घूं घूं आवाज येत होता. संदीप बापासमोर उभा राहिला. म्हणाला, बाबा, मशीन एकदम जोरदार आहे. लाईटीचा आता काही प्रश्नच राहिला नाही. पण…

आणि तो अडकला. त्याला पुणं सोडायचं नव्हतं, एवढंच होतं. त्यात काही पाप नव्हतं. पण वर्षभर जी लाईट मध्ये धरून ठेवली होती ती बापाने काढून टाकली होती, आणि आता त्याच्या हातात सांगायला एकही कारण उरलं नव्हतं. मान खाली घालून तो बॅगेचा पट्टा ओढत राहिला. कान लाल झाले होते. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी डब्यासकट आत जावं.

काकाजींनी एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "थांब, आलो," म्हणाले आणि आत गेले.

खट्ट असा आवाज झाला. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. यूपीएस एकदा ओरडला आणि तोही बंद. मशीनचा घूं घूं गेला. सगळं घर चिडीचूप झालं.

काकाजी धोतराला हात पुसत बाहेर आले.

"गेली पाह्य लाईट. बॅटरीही बसली," ते म्हणाले. "एवढं करून नाई टिकत म्हणजे नाईच टिकत. तू म्हणत होता ते बरोबर होतं, बाबू. इथं तुह्यं काम नाई होत. तू जाय."

संदीपने इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. तो वाकला, बापाच्या पायावर डोकं टेकवलं, आणि जरा जास्तच वेळ तसाच राहिला. मग बॅग उचलून ऑटोत बसला. वळणापर्यंत तो मागे पाहत होता.

भिंतीपलीकडे आमच्या स्वयंपाकघरात सासूबाईंचा मिक्सर घरघरत होता. आमची न् त्यांची लाईट एकाच खांबावरून येते.

"काकाजी," मी म्हटलं, "लाईट तर आहे."

"माहीत आहे मले." ते ओट्यावर बसले. "सणाचा आलता, मास्तरीणबाई. रिकाम्या हातानं कसा पाठवू लेकराले?"